उलटी जोडी: हिरवी समुद्री गोगलगाय आणि आपल्या धुऱ्यावरची अमरवेल

गोखरू (यवतमाळ)

"वनस्पती आपलं अन्न आपण तयार करते, प्राणी आयतं खातो" हे शाळेत पाठ झालेलं वाक्य जन्मभर टिकतं. त्याला दोन्ही टोकांनी सुरुंग लावणारी ही जोडी.

पहिली एलिसिया क्लोरोटिका. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियापासून फ्लोरिडापर्यंत, उत्तर अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या खाऱ्या दलदलीत आणि भरतीच्या डबक्यांत राहणारी बिनशंखाची गोगलगाय. गूल्ड या अभ्यासकाने १८७० मध्ये तिचं वर्णन केलं. लांबी बहुधा २ ते ३ सेंमी, मोठी झाली तर ६ पर्यंत. दोन्ही अंगांना पदरासारखे पडदे असतात. ते पसरून बसली की हुबेहूब पान, शिरांसकट. रंग गर्द हिरवा, आणि तो रंग खऱ्या हरितद्रव्याचा.

दुसरी आपली अमरवेल. बोरीवर, रायमुनियावर, मेंदीच्या कुंपणावर पिवळ्या दोऱ्यांचा गुंता दिसतो ती. जमिनीत मूळ नाही, पानांच्या जागी नुसते बारीक खवले. पण फूल येतं, बोंडी धरते, बी पडतं. म्हणजे पक्की सपुष्प वनस्पती, आणि कूळ रताळ्याचं न् बेशरमचं.

प्राणी उन्हात हिरवा होऊन बसलेला आणि वनस्पती दुसऱ्याच्या अंगात दात रोवून. तुलना मांडायची तर अन्न कुठून येतं, हिरवेपणा कुठून आला, पुढच्या पिढीला काय मिळतं, तुकडा पडला तर काय होतं, एवढे मुद्दे सुचतात. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात मांडता यावं आणि वावरातही कामी यावं असं पाहिजे. जाणकारांनी भर घालावी, चुकलं तिथे कान धरावा.

ओलीमाती (गोंदिया)

गोगलगायीकडून सुरू करतो, कारण तिचं खाणं कळलं की बाकीचं सोपं जातं.

ती खाते व्हॉशेरिया लिटोरिया नावाचं शेवाळ. हे शेवाळ म्हणजे आडव्या भिंती नसलेली लांब नळी. आपल्या नाल्यातल्या स्पायरोगायराच्या धाग्यात डब्याला डबा जोडल्यासारख्या पेशी असतात. व्हॉशेरियात तसं नाही, सगळा धागा एकच पोकळी, कडेने हजारो हरितलवकं, म्हणजे उन्हात अन्न तयार करणारे हिरवे दाणे. गोगलगायीच्या जिभेवर दातांची पट्टी असते, पण एका वेळी कामाला एकच दात, सुईसारखा. तो नळीत खुपसायचा आणि आतला रस चोखून घ्यायचा. नळीला पडदे नसल्यामुळे एका भोकातून बराच माल येतो. आडव्या भिंती असत्या तर दर डब्याला नवं भोक पाडावं लागलं असतं.

आत गेल्यावर रसातलं बाकी सगळं पचतं. हरितलवकं मात्र तिच्या पचनग्रंथीच्या पेशी अख्खी गिळून ठेवतात. या ग्रंथीचे फाटे अंगभर, पार त्या पडद्यांच्या कडेपर्यंत पसरलेले असतात. पानावरच्या शिरा म्हणून जे दिसतं ते हेच फाटे.

पिल्लू जन्मतः हिरवं नसतं. अंड्यातून पाण्यात तरंगणारी डिंभ अवस्था बाहेर पडते, ती सूक्ष्म शेवाळ खाऊन वाढते, आणि व्हॉशेरिया भेटलं तरच तिचं रूप पालटून तळाला बसणारी गोगलगाय होते. तेव्हा ती तपकिरी, अंगावर लाल ठिपके. शेवाळ चोखायला लागली की हिरवी. एकदा पोट भरून साठा झाला की प्रयोगशाळेत उजेड देऊन, अन्नाचा कणही न देता, ९-१० महिने जगलेली आहे. तिचं सगळं आयुष्यच सुमारे ११ महिन्यांचं.

गंमत अशी की व्हॉशेरियाचं हरितलवक मुळात त्याचंही नाही. त्याच्या फार जुन्या पूर्वजाने एक लाल शेवाळ गिळलं, त्यातून ते आलं. तेव्हा आपली गोगलगाय म्हणजे अक्षरशः चोरावर मोर.

शंकासूर (अकोला)

> अन्नाचा कणही न देता, ९-१० महिने जगलेली आहे

आकडा बरोबर आहे, पण त्यावरून "उन्हावर जगली" असं म्हणता येत नाही. बातम्यांत "सौरऊर्जेवर चालणारा प्राणी" म्हणून जे येतं ते इथेच घसरतं. उपाशी ठेवलेल्या गोगलगायींचा एक गट उजेडात आणि एक अंधारात, असे दोन्ही ठेवल्याशिवाय काही सिद्ध होत नाही.

तसा प्रयोग झालेला आहे. २०१४ मध्ये एलिसिया टिमिडा आणि प्लाकोब्रँकस ओसेलाटस या दोन नातलग जातींवर. उजेडात हरितलवकं कार्बन डायऑक्साइड बांधतात हे दिसलं, पण अंधारात ठेवलेल्याही महिनोन्‌महिने जगल्या आणि दोन्हीकडच्या जवळपास सारख्याच आक्रसल्या. म्हणजे गोगलगाय मुळातच उपास काढणारी. आपल्याकडची शंखी गोगलगाय नाही का, उन्हाळ्यात शंखाचं तोंड बंद करून महिनोन्‌महिने पडून राहते? तिला कोणी सौरऊर्जा देत नाही.

क्लोरोटिका ही त्या दोघींपेक्षा हरितलवकं जास्त काळ टिकवणारी, त्यामुळे तिचा निकाल अगदी तसाच लागेल असं गृहीत धरू नये. पण प्रदर्शनाच्या फलकावर "ही उन्हावर जगते" लिहू नका. "हिच्या अंगातली चोरलेली हरितलवकं महिनोन्‌महिने काम करतात" एवढंच लिहा, ते पक्कं आहे.

भिंगवाली (अमरावती)

शंकासूर भाऊंशी सहमत, फक्त तराजू पार उलट्या बाजूला झुकू नये म्हणून दोन गोष्टी.

२०२१ मध्ये एलिसिया टिमिडावरच दाखवलं गेलं की बांधलेला कार्बन अंडी तयार करणाऱ्या अवयवांपर्यंत पोचतो, आणि पुरेसा उजेड मिळालेल्या गोगलगायी जास्त अंडी घालतात. जगायला नसेल लागत, वंशवाढीला लागतो. २०२५ मध्ये हार्वर्डच्या गटाने एलिसिया क्रिस्पाटात दाखवलं की हरितलवकं एका खास पिशवीत ठेवलेली असतात. पोट भरलेलं असेपर्यंत ती सांभाळायची, उपासमार आली की तीच पचवायची. तेव्हा ती गोगलगाय हिरव्याची नारिंगी होत जाते. गॅसची शेगडी आणि धान्याची कणगी एकाच वस्तूत.

आता हरितलवक टिकतं कसं हा खरा पेच आहे. वनस्पतीत हरितलवकाच्या दुरुस्तीचं बहुतेक सामान केंद्रकातल्या जनुकांवरून तयार होतं. व्हॉशेरिया लिटोरियाच्या हरितलवकात स्वतःची प्रथिनं घडवणारी १३९ जनुकं आहेत. प्रकाशसंश्लेषण चालू ठेवायला याच्या कितीतरी पट लागतात, आणि ती ज्या केंद्रकात होती ते गोगलगायीने पचवून टाकलं. २००८ मध्ये एका गटाने सांगितलं की शेवाळाचं पीएसबीओ हे जनुक गोगलगायीच्या डीएनएत सापडलं, म्हणजे तिने जनुकही चोरलं. फार गाजलं ते. २०१३ मध्ये दुसऱ्या गटाने अंड्यांचा डीएनए वाचला, कारण अंड्यात हरितलवक नसतं, भेसळीचा प्रश्न येत नाही. त्यात शेवाळाची जनुकं वारशाने आल्याचा पुरावा मिळाला नाही. आज पारडं याच बाजूला आहे. बरंच श्रेय हरितलवकाच्या स्वतःच्या टिकाऊपणाला जातं: एफटीएसएच हे दुरुस्तीचं जनुक या शेवाळात हरितलवकाच्याच आत आहे. गाडी चोरली आणि डिकीत पाना-पक्कड निघाली, तसं.

शंकासूर (अकोला)

बरोबर. आणि तुलनेतला सगळ्यात धारदार मुद्दा इथेच आहे, तो या चर्चेत अजून आला नाही. जनुकं चोरल्याचा आरोप गोगलगायीवर झाला, पण पुराव्यानिशी पकडली गेली अमरवेल. अमरवेलीच्या कस्कुटा कॅम्पेस्ट्रिस या जातीत यजमान वनस्पतींकडून (ज्यांच्यावर ती वाढते त्यांच्याकडून) आलेली आणि कामाला लागलेली १०८ जनुकं २०१९ मध्ये दाखवली गेली. ती तिच्या बियांतून पुढच्या पिढीला जातात.

गोगलगायीने यंत्र चोरलं आणि ते तिच्याबरोबरच मरतं. अमरवेल रोज तयार माल चोरते, आणि मालासोबत आलेल्या काही चिठ्ठ्या तिने कायमच्या घरात लावून घेतल्या.

गोखरू (यवतमाळ)

हे फलकावर सगळ्यात वर येणार. ताई, अमरवेलीची बाजूही नीट मांडाल का? बी रुजण्यापासून.

भिंगवाली (अमरावती)

आधी जात ठरवू, नाहीतर पुढचं सगळं चुकेल. आपल्या भागात "अमरवेल" म्हणून निदान दोन वेगळ्या गोष्टी दाखवल्या जातात.

कस्कुटा रिफ्लेक्सा: झाडाझुडपांवरची, दोर सुतळीसारखा जाड, पिवळा ते हिरवट, कधी तांबूस ठिपके. फुलं पांढरी, घंटेसारखी, हिवाळ्यात येतात, मंद वास असतो. बहुवर्षायू.

कस्कुटा कॅम्पेस्ट्रिस आणि तिच्या बहिणी: शेतातल्या. दोर शिवणाच्या दोऱ्याएवढा, रंग पिवळा-केशरी, फुलं बारीक आणि गुच्छात. सोयाबीन, तूर, मूग, कांदा, मिरची, कारळं, लसूणघास यांवर. यजमान मेला की हीसुद्धा मरते, मागे बी ठेवून. नाव अमर, पण अमर असतं ते बी.

ते बी १ ते १.५ मिमीचं, गोलसर, खडबडीत, टणक कवचाचं. जमिनीत १० वर्षांहून जास्त जिवंत राहतं, कारण कवच पाणी आत घेत नाही. कवच जसं झिजेल तसं थोडं थोडं बी दर पावसाळ्यात रुजतं, सगळं एकदम कधीच नाही. रुजल्यावर नुसता एक दोरा बाहेर येतो, बीजपत्रं नाहीत, खरं मूळ नाही. शिदोरी काय ती बियातली, आठवडाभर पुरणारी. तेवढ्यात यजमान सापडला नाही तर खेळ संपला. म्हणून तो दोरा हवेत गोल फिरत चाचपतो. २००६ मध्ये दाखवलं गेलं की तो वासाने दिशा धरतो: टोमॅटोच्या रोपाकडे झुकतो, गव्हापेक्षा टोमॅटो निवडतो, आणि नुसता टोमॅटोचा वास दिला तरी तिकडेच वळतो.

खोड सापडलं की वेढे घालतो, वेढ्याच्या आतल्या बाजूने चूषक मुळं फुटतात आणि यजमानाच्या जलवाहिन्या व रसवाहिन्या दोन्हींना जाऊन जुळतात. हा जोड झाला की जमिनीकडचा भाग वाळून तुटतो. रसासोबत साखर, पाणी, नत्र तर येतंच. विषाणू, संदेशवाहक आरएनए आणि काही प्रथिनंही येतात-जातात. कस्कुटा ऑस्ट्रॅलिस या जातीत २०२० मध्ये दिसलं की फुलायची वेळसुद्धा ती यजमानाच्या फुलोऱ्याच्या संदेशावरून ठरवते. सोयाबीन फुललं की ही फुलते. स्वतःचं पंचांगच ठेवलेलं नाही.

एक दुरुस्ती: "अमरवेलीत हरितद्रव्य अजिबात नसतं" हे सरसकट खरं नाही. रिफ्लेक्सात थोडं असतं, यजमान न मिळालेली टोकं किंचित हिरवी दिसतात. तुलनेला साधी हिरवी वनस्पती घ्या: तंबाखूच्या हरितलवकाचा डीएनए सुमारे १ लाख ५६ हजार अक्षरजोड्यांचा, रिफ्लेक्साचा १ लाख २१ हजार, आणि परजीवीपणात आणखी पुढे गेलेल्या ग्रोनोव्ही या अमरवेलीचा जेमतेम ८७ हजार. घर रिकामं करत निघालेल्या भाडेकरूसारखं, एकेक सामान बाहेर.

डवरा (वर्धा)

हे सारं खरं, पण वावरातून हटवाचं कसं तेही लिहून ठेवतो. कामी पडते.

पयले बी. सोयाबीनचा दाणा मोठा, अमरवेलीचं बी साध्या चाळणीतूनही खाली पडते, तिथं घोर नाई. घोर आहे लसूणघासाचा. त्याचं बी अन् हिचं बी जवळपास सारखं, चाळणीनं पुरं निघत नाई. बीज प्रमाणीकरणात लसूणघासासाठी अमरवेल हे आक्षेपार्ह तण धरते, म्हणून लेबल लागलेलं प्रमाणित बीच घ्या. बाजारातलं सुटं बी नको.

दुसरं शेणखत. हे बी ढोराच्या पोटातून जिवंत बाहेर पडते. अमरवेल असलेला चारा खाऊ घातला अन् कच्चं शेणखत वावरात टाकलं, का झाली पेरणी. खत पुरं कुजवा, ढीग गरम व्हाले पायजे, अन् दोन-तीनदा उलथवा. कडेचं बी थंड राहते, उलथवलं नाई तर ते वाचते.

तिसरं, पाऊस पडल्यावर घाई नको. पयला चांगला पाऊस झाला का ८-१० दिवस थांबा, तण उगवू द्या, मंग उथळ वखर मारून पेरणी करा. वखर खोल गेला तर खालचं बी वर येते अन् केलेलं पाण्यात. पाऊसच उशिरा आला तर इतके दिवस थांबणं परवडत नाई, तेव्हा औषधावर भागवा लागते.

औषध म्हणजे पेंडिमेथॅलिन ३० ईसी हे तणनाशक, सोयाबीनमंधी एकरी १ ते १.३ लिटर, २०० लिटर पाण्यात. १५ लिटरच्या पंपाले ७५ ते १०० मिली पडते. भारी काळ्या जमिनीत वरची मात्रा. पेरणीपासून ४८ तासांच्या आत, उगवणीच्या आधी, जमिनीत ओल पायजे. डब्यावर ३८.७ सीएस लिहिलं असन तर हिशोब वेगळा, एकरी ६०० ते ७०० मिली. दोन डब्यांची मात्रा अदलाबदल करून लोक फसतात. ढेकळं राहिली का ढेकळाखालून सारं उगवते. पाणी कमी घेतलं, एकरी पाच-सहा पंपांत आटोपलं, तर थर सलग बसत नाई. अन् सगळं बरोबर केलं तरी महिन्यानं रुजणारं बी त्यातून सुटते, ते भिंगवाली ताईनं सांगितलंच.

उभ्या पिकात इमॅझेथॅपीर १० एसएल, एकरी ४०० मिली, पेरणीनंतर १५-२० दिवसांनी. त्यानं अमरवेल दबते, मरते असं नाई. गुंडाळून बसली का यजमानाले न मारता तिले मारणारं औषध शोधत बसू नका.

पट्टा दिसला का त्या पट्ट्यातली सोयाबीनची झाडं अमरवेलीसकट उपटा, भोवतालची हातभर झाडंही घ्या, काऊन का दोरा पुढं गेलेला असते. फुलाच्या आधी करा. पोत्यात भरून बाहेर न्या. धुऱ्यावर फेकलं तर धुऱ्यावरच्या बोरीले लागते.

अन् हे ध्यानात ठेवा: पट्ट्यातून डवरा (बैलाचं कोळपं) चालवू नका. बोटभर तुकडा ओल्या खोडावर पडला का नवीन जागी चिकटते. डवरा मारणं म्हणजे कलम लावणं.

ओलीमाती (गोंदिया)

तुकड्याचा मुद्दा निघालाच आहे तर जोडीचं दुसरं टोक: एलिसिया मार्जिनाटा. जपानच्या नारा महिला विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये दाखवलं की ही गोगलगाय मानेपाशी स्वतःचं धड टाकून देते, हृदयासकट. डोकं एकटं फिरतं, काही तासांत शेवाळ खायला लागतं आणि सुमारे तीन आठवड्यांत नवं धड उगवतं. टाकलेलं धड महिनोन्‌महिने हलतं, पण त्याला नवं डोकं येत नाही. अमरवेलीत असा भेद नाही, कुठलाही तुकडा पुरतो. क्लोरोटिकावर मात्र हे आपोआप लावू नये, प्रयोग मार्जिनाटा आणि अॅट्रोव्हिरिडिस या जातींवरचे आहेत.

गोखरू (यवतमाळ)

डवरा भाऊ, झाडावरच्या रिफ्लेक्साचं काय? ओढून काढली तरी पुन्हा येते.

डवरा (वर्धा)

ओढल्यानं बाहेरचा दोरा निघते, आतलं चूषक मूळ खोडातच राहते, तिथूनच फुटवा येते. शेवटच्या वेढ्याच्या खाली एक वीत सोडून फांदी कापा लागते. बोर, मेंदी हे सोसते, छाटल्यावर जोमानं फुटते. संत्र्यावर असन तर लागलीच कापा, मोठ्या फांद्या गुरफटेपर्यंत थांबलं का छाटणी जड जाते. पुढच्या वर्षासाठी जागा ज्वारी, मका नाईतर गव्हाखाली घ्या, गवतवर्गावर हिचं जमत नाई. पण एका हंगामानं बी संपत नाई हेही समजून घ्या.

भिंगवाली (अमरावती)

आता प्रदर्शन. समुद्री गोगलगाय आणता येणार नाही आणि आणूही नये. पण तिचं ताट आपल्याकडे दाखवता येतं. व्हॉशेरियाच्या गोड्या पाण्यातल्या आणि ओल्या मातीवरच्या जाती हिवाळ्यात सापडतात.

ओलीमाती (गोंदिया)

हो, धानाच्या बांधीत पाणी उतरल्यावर, पाटाच्या कडेला, गर्द हिरवा नमद्यासारखा थर शोधा. बोटांत घेतला की खरखरीत लागतो. बुळबुळीत लागला तर ते स्पायरोगायरा. काचपट्टीवर एक धागा, पाण्याचा थेंब, वर आच्छादनकाच; १०० पट मोठं करून बघा. आडव्या भिंती दिसल्या तर ते व्हॉशेरिया नव्हे. फांद्या असून भिंती असतील तर बहुधा क्लॅडोफोरा. खरा धागा मिळाला की पात्याने मधे कापा आणि लगेच बघा. कापलेल्या तोंडातून हिरवे दाणे बाहेर सांडतात. गोगलगायीच्या तोंडात जे जातं ते हेच दृश्य. धागा लवकरच तोंड बंद करून घेतो, म्हणून भिंगाखाली ठेवूनच कापलेलं बरं.

भिंगवाली (अमरावती)

अमरवेलीसाठी तीन गोष्टी सहज होतात.

जोडाचा छेद: वेढा असलेल्या जागी यजमानाचं खोड आणि दोर एकत्र धरून नव्या ब्लेडने आडवे पातळ काप घ्या, २०-२५ घ्या, त्यातले दोन-तीन कामाचे निघतात. सॅफ्रॅनिन या लाल रंगाचा एक थेंब, दोन मिनिटं, मग पाण्याने धुवा. दोरातून निघून खोडात घुसलेली पाचर स्पष्ट दिसते. रिफ्लेक्साचा जाड दोर यासाठी सोपा. कोवळी मेंदी किंवा अडुळसा यजमान असेल तर काप बरे येतात, बोरीचं जून खोड ब्लेडला जुमानत नाही.

रुजवण: शेतातल्या जातीचं बी दोन खरकागदांमध्ये मिनिटभर घासा, रात्रभर भिजवा, ओल्या कागदावर उबदार जागी ठेवा. न घासलेलं बी शेजारी ठेवा, फरक दिसतो. उगवलेला दोरा टोमॅटोच्या आणि ज्वारीच्या रोपांच्या मधोमध, दोन्हींपासून ४-५ सेंमीवर लावा. निदान २० जोड्या करा. दोन-चार जोड्यांवरून निघालेला निष्कर्ष योगायोगाचा असू शकतो.

हिरवेपणा: बोरीचं पान आणि अमरवेल समान वजनाने घेऊन वेगवेगळे ठेचा, स्पिरिटमध्ये गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून रंग काढा. स्पिरिटची नळी थेट ज्योतीवर धरू नका, पेटते. पाण्याखालची ज्योत आधी विझवा, मग नळी बुडवा.

गोखरू (यवतमाळ)

आयोडीनची चाचणी घ्यावी का? अमरवेल निळी होणार नाही, गोगलगाय झाली असती, असं काही?

भिंगवाली (अमरावती)

नको, दोन्हीकडे तोंडावर पडाल. अमरवेलीच्या खोडात पिष्टाचे कण असतात, यजमानाच्या साखरेपासून बनवलेले, त्यामुळे ती निळी-काळी होऊ शकते. आणि व्हॉशेरिया पिष्ट साठवतच नाही, तेल साठवतं. म्हणजे प्रकाशसंश्लेषण करणारं शेवाळ कोरं राहील आणि न करणारी वेल निळी होईल. आयोडीन पिष्ट आहे का एवढंच सांगतं, ते कुणी बनवलं हे सांगत नाही. हेच फलकावर मांडलंत तर उलट परीक्षक थांबून वाचतील.

शंकासूर (अकोला)

रुजवणीच्या प्रयोगात आणखी एक खड्डा. वर्गात ट्यूबलाइट किंवा एलईडीखाली कुंड्या ठेवल्या तर दोरा खोडाला टेकूनही वेढा घालत नाही. वेढा घालायला आणि चूषक मुळं फुटायला स्पर्शासोबत गर्द लालच्या पलीकडचा प्रकाश लागतो, तो ट्यूबमध्ये जवळजवळ नसतो. दाट पानांखाली आणि संध्याकाळच्या उजेडात तो भरपूर. कुंड्या उघड्या पडवीत ठेवा.

आणि टोमॅटोवर रिफ्लेक्सा लावू नका. टोमॅटो तिला ओळखतो, जोडाच्या जागी तपकिरी खपली धरून अडवतो. शेतातली बारीक जातच घ्या.

पळसपान (चंद्रपूर)

मासे पाळणारे हिरवी समुद्री गोगलगाय विकत घेतात असं ऐकलं. शाळेच्या टाकीत चालेल का?

ओलीमाती (गोंदिया)

विकतात ती कॅरिबियनकडची एलिसिया क्रिस्पाटा. खास शेवाळ सतत मिळालं नाही तर ती हळूहळू फिकी पडून मरते, आणि विकणारे "हिला खायला लागत नाही" सांगून देतात. क्लोरोटिका तर प्रयोगशाळेत १० अंशांच्या आसपास थंड खाऱ्या पाण्यात, १४ तास उजेड आणि १० तास अंधार देऊन ठेवतात. खारटपणातला बदल ती फार सोसते, जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राच्या दुपटीपर्यंत. पण चंद्रपूरचा मे महिना तिच्या यादीत नाही. मॉडेल करा. पारदर्शक सलाइनची नळी, आत हिरवे मणी म्हणजे व्हॉशेरिया. मणी शोषून घेणारी पिचकारी म्हणजे गोगलगाय. मण्यांसोबत एकच मोठा लाल मणी ठेवा, केंद्रक म्हणून, आणि तो बाहेर फेकून दाखवा.

पळसपान (चंद्रपूर)

आणि आंब्यावरचं बांडगूळ याच खात्यात धरायचं का?

भिंगवाली (अमरावती)

नाही, त्याला हिरवी पानं असतात, अन्न स्वतः करतं, पाणी आणि क्षार मुख्यतः झाडाचे घेतं. अर्धपरजीवी. ज्वारीतला टारफुला तिसराच प्रकार, तो मुळावर बसतो. तिघांना एका फलकावर ठेवलंत तर गोगलगायीला जागा उरणार नाही.

डवरा (वर्धा)

प्रयोग झाल्यावर कुंड्यांतलं बी, दोरे, माती शाळेच्या मागं फेकू नका. दोरे अन् यजमान जाळा. उरलेलं बी ठेवू नका, तेही जाळात टाका. माती लोखंडी पाटीत घेऊन चुलीवर चांगली वाफ निघेपर्यंत भाजा, नुसतं कोमट पाणी ओतून ते बी मरत नाई.

गोखरू (यवतमाळ)

नोंदवलं. पडवी, खरकागद, २० जोड्या, आयोडीन फक्त फसवं कसं हे दाखवायला. व्हॉशेरियासाठी दिवाळीनंतर धानपट्ट्यातून एक डबी मागवावी लागेल, ओलीमाती भाऊ.

ओलीमाती (गोंदिया)

डबी नको, गुदमरून पिवळं पडतं. मातीच्या पापुद्र्यासकट उचलून ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून, पिशवीचं तोंड सैल ठेवून पाठवता येतं. दोन दिवसांत भिंगाखाली घ्या.